डावा कोपरा

सौदे उठले की गाळ्यात राजापुरी हळदीचा वास मागं राहतो
आणि आम्ही आठ जण.
चहा येतो, काचेचे आठ पेले, एकाला चीर,
तो कायम माझ्याच वाट्याला.
नेमगोंडा वहीचं पान आडवं फाडतो,
जिल्ह्याच्या कबड्डी लीगमधली एकूण एक नावं त्यावर,
आणि तराजूच्या पारड्यात आमच्या चिठ्ठ्या.
त्या शालनताईनं काढायच्या. तोलाई तिची,
तिच्या हातावर आजवर कुणी शंका घेतली नाही.

मला सहावा नंबर.
म्हणजे सहावा, उलट फिरून अकरावा,
मग एकदम बाविसावा.
मधल्या दहा नावांत अख्खा बाजार उठून जातो.

दस्तगीरनं पहिल्या झटक्यात कासेगावचा अमर खोत उचलला.
पाठोपाठ चार नावं,
पाचही चढाईची.
साहजिक आहे. टाळ्या चढाईला पडतात,
यात्रेत पोरं मांडी थोपटतात ती चढाईवाल्याची बघून.
कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या माणसाचा
वर्तमानपत्रात फोटो आला तर पाठमोरा.

आता माझा हिशेब ऐका.
पहिला चढाईवाला सामन्याला बारा गुण आणतो,
पंधरावा आणतो नऊ.
तीन गुणांची चर, उडी मारून पार होते.
डाव्या कोपऱ्याचं तसं नाही.
पहिला सहा, दुसरा पाच,
तिसरा दोन,
आणि चौथा बसमध्ये पाण्याच्या कॅनशेजारी बसून येतो.
आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

हे मी मालकांकडून शिकलो.
एका साली सगळी पेठ हळद धरून बसली
आणि ह्यांनी रिकामं बारदान भरून ठेवलं.
लोक हसले.
फाल्गुनात माल ढिगानं आला, पोती मिळेनात,
तेव्हा ढीग उघड्यावर ठेवून तेच लोक
आमच्या दारात चप्पल काढून उभे.

तर मी म्हटलं,
आष्ट्याचा महालिंग ढोले. डावा कोपरा.

बापूसो चहा फुंकायचा थांबला.
'पोरगी बघायला गेला
आणि मांडव पसंत करून आला ह्यो.'
मग सगळे हसले, हमालसुद्धा, ज्यांना ह्यातलं काही कळत नव्हतं.

शालनताई हसली नाही.
तिच्या उजव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली आहे,
बुधगावच्या मैदानावर घोटा धरताना मोडलेली.
मुलींच्या संघात तिचं नाव शेवटी घ्यायचे,
आणि मैदानात शेवटी उरायची ती.
काट्यावरची नजर न काढता एवढंच म्हणाली,
'अकराव्याला उजवा कोपरा घे त्याच संघाचा.
कोपरे एकमेकांच्या श्वासावर खेळतात.'

घेतला.
बाविसाव्याला विट्याचा एक चढाईवाला उरला होता,
त्याचं नाव नेमगोंडानं दोनदा चुकीचं लिहिलं.

तीन रविवार मी वर होतो.
दस्तगीर माझ्याशी हळदीच्या भावाशिवाय बोलेना.
चौथ्या रविवारी महालिंगनं घोटा धरला, धरूनच राहिला,
गडी ओढत रेषेपर्यंत गेला आणि गुडघा वळला.
मी गाळ्यात रेडिओपाशी होतो. आवाज काही आला नाही,
पण हळकुंड मोडताना जो कट् होतो
तो मला ऐकू आल्यासारखा वाटला.

पेठेत विचारलं, दुसरा डावा कोपरा कुणाकडं आहे का.
होता, बापूसोकडं. त्यानं नुसता मांडव आठवून दिला.
पाचवा आलो. वर्षाचा चहा माझ्या नावावर.
गणित बरोबर होतं. गुडघा गणितात धरला नव्हता.

यंदा शालनताईनं चिठ्ठी काढली, माझा पहिला नंबर.
अमर खोत पानावर सगळ्यात वर आहे,
नेमगोंडानं त्याखाली रेघही ओढली आहे, मला सोपं जावं म्हणून.
खाली, शाई फुटलेल्या जागी, महालिंग ढोले,
कंसात 'बरा आहे म्हणतात'.
ताई पारडं पुसते आहे. करंगळी कापडाच्या बाहेर.
'बोल की मर्दा,' दस्तगीर म्हणतो, 'चहा निवतोय.'
चिरेतून एक थेंब माझ्या बोटावर आला आहे
आणि मी अजून बोललेलो नाही.